थंडीत रोजची सायकल, पुण्याचे रस्ते आणि पडल्यानंतरचं सगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कर्वेनगरला राहते, ऑफिस शिवाजीनगरला, आणि गेली नऊ वर्षं रोज सायकलनेच जाते. मागच्या डिसेंबरात पडले, डाव्या बाजूचं कॉलरबोन (गळ्याखालचं आडवं हाड) मोडलं, जवळजवळ तीन महिने सायकल बंद होती. तेव्हापासून बिल्डिंगमधले, ऑफिसमधले, अगदी भाजीवाल्या मावशीसुद्धा काही ना काही विचारतच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाहीये. औषधपाण्याचं जे लिहिलंय ते मला डॉक्टरांनी आणि फिजिओताईंनी समजावलेलं आहे, तुमच्या हाडाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पुण्यात कुठे एवढी थंडी असते? वेगळी तयारी कशाला?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे ९-१० डिग्री सहज होतं, पाषाण आणि एनडीएच्या बाजूला अजून खाली जातं. (शिवाजीनगरच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ नोंदलं गेलंय, आपल्या गावात!) पण खरं सांगू का, थंडीने कोणी पडत नाही. पावसाळ्यात आपण सगळे घाबरून, जपून चालवतो. दिवाळी झाली की रस्ता कोरडा दिसतो, हवा छान, दम लागत नाही, आणि आपोआप वेग वाढतो. पण तेव्हाच सकाळी अंधार जास्त असतो, दव असतं आणि पावसाळ्यानंतर खोदलेले रस्ते अर्धवट बुजवलेले असतात. मी नेमकी अशीच पडले, जुलैच्या धो धो पावसात नाही तर स्वच्छ कोरड्या वाटणाऱ्या सकाळी.

कपडे काय घालू?

एकच जाड स्वेटर घालू नका. आत घाम शोषणारा पातळ टीशर्ट, वर फुल बाह्यांचं काहीतरी आणि सगळ्यात वर विंडचीटर, कारण पहाटे गारठा हवेपेक्षा वाऱ्याने जास्त लागतो. गेटमधून निघताना थोडं कुडकुडायला झालं पाहिजे, निघतानाच उबदार वाटत असेल तर म्हात्रे पुलापर्यंत घामाने भिजाल आणि मग तो घाम गार पडला की खरी थंडी वाजते. विंडचीटर नसेल तर जुनी युक्ती आहे, स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची, माझे वडील लूनावरून जाताना असंच करायचे, आजही तितकंच चालतं.

हातमोजे मात्र नक्की घ्या. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो, आणि पडलात तर तळहाताची सालटी वाचतात. कानटोपी हेल्मेटच्या आत बसेल अशी पातळच हवी, जाड लोकरीच्या टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही. डोळ्यांतून पाणी येत असेल तर पांढऱ्या काचेचा गॉगल, काळा नको, सकाळी आधीच दिसत नसतं.

आणि दुपारी हेच पुणे ३० डिग्रीला जातं, त्यामुळे सकाळचं सगळं काढून ठेवायला कॅरिअरवर पिशवी पाहिजे. पाणीही प्या, थंडीत तहान कळत नाही.

किती वाजता निघावं?

जानेवारीत पुण्यात सूर्य ७ वाजून गेल्यावर उगवतो. जमत असेल तर उजाडल्यावरच निघा. शाळेची-कंपनीची वेळ असेल आणि निघावंच लागत असेल तर दिवे लावून निघा, पण "व्यायाम म्हणून साडेपाचला" हा हट्ट डिसेंबर-जानेवारीत सोडा असं मी मनापासून सांगते. त्यात अजून एक कारण धुराचं आहे. रात्रभर गार झालेली हवा जमिनीलगत अडकते, वर गरम हवेचं झाकण बसल्यासारखं होतं आणि गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा, वॉचमनच्या शेकोट्या सगळं खालीच राहतं. ऊन जरा चढलं की ते विरतं.

मग प्रदूषण बघून ठरवायचं का? मास्क?

हो. आपल्या पाषाणच्या आयआयटीएमची (हवामान संशोधन संस्था) 'सफर' यंत्रणा आहे, त्यावर हवेचा निर्देशांक दिसतो. १०० पर्यंत चिंता नाही, २०० च्या वर 'खराब' धरतात, त्या दिवशी मी उशिरा निघते नाहीतर मेन रोड टाळते. तोंडाला बांधायचा आपला पुणेरी स्कार्फ धूळ अडवतो आणि श्वासात जाणारी हवा थोडी उबदार करतो, म्हणून ज्यांना गार हवेने छाती भरते, खोकला येतो, त्यांना त्याचा उपयोग होतो. पण धुराचे बारीक कण कापडातून सरळ जातात, त्याला एन-९५ लागतो, आणि तो घालून चढावर दम लागतो, तेव्हा हळू. दम्याचा पंप असेल तर तो खिशात, बॅगेच्या तळाशी नाही.

दव पडून रस्ता खरंच निसरडा होतो?

डांबर फारसं नाही होत, पण लोखंडी चेंबरची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, पेव्हर ब्लॉक आणि बसस्टॉपसमोर सांडलेलं ऑइल हे चारही दवाने ओले झाले की सायकलचं चाक सरकतं. नदीपात्रातला रस्ता आणि कॅनॉल रोडचा झाडीतला भाग उशिरापर्यंत ओलाच असतो, गारवा खाली तिथेच साठतो, कधी कधी धुकंही असतं. शिवाय सकाळी दारात सडा घातलेला असतो, गाड्या धुतलेल्या असतात, ऊन लवकर पोचत नाही म्हणून ते पाणी तासभर तसंच राहतं.

अजून एक, दिवाळीच्या आगेमागे बुचाची फुलं पडतात ना, तो पांढरा सुगंधी सडा बघायला फार सुंदर, पण दोनचार गाड्या त्यावरून गेल्या की चिखलासारखा होतो. त्यावर वळू नका आणि ब्रेक मारू नका, सरळ जाऊ द्या सायकल.

सगळ्यात धोकादायक काय आहे रस्त्यावर?

माझ्या मते बारीक खडी. खड्डा निदान दिसतो. केबलसाठी नाहीतर पाइपसाठी खोदतात, वर खडी-माती टाकून बुजवतात, ती गाड्यांनी कडेला आणि वळणावर येऊन साठते, आणि आपण सायकलवाले कडेनेच जातो. मी आमच्या गल्लीतून मेन रोडला वळताना त्याच खडीवर पुढचा ब्रेक दाबला, संपलं, कळायच्या आत खांद्यावर पडले होते. वेग फार नव्हता.

म्हणून नियम असा: वळायच्या आधी, सायकल सरळ असताना वेग कमी करा, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हलके. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो त्यामुळे त्याला घाबरून तो सोडून देणंही चूक आहे, पण सायकल कललेली असताना आणि खाली खडी असताना तो जोरात दाबायचा नाही. खडीवर आलातच तर पायडल थांबवा, हँडल सरळ, अंग सैल, आणि सायकलला तिच्या गतीने बाहेर पडू द्या.

बाकीचं पटपट सांगते. सिमेंटचा रस्ता आणि शेजारची साइडपट्टी यांत दोन-तीन इंचांची पायरी असते, तिच्यावर चढायचं असेल तर जरा रुंद वळून काटकोनाच्या जवळ जा, समांतर राहून चढायला गेलात तर चाक घासत राहतं आणि माणूस आडवा होतो. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली लांबट फट बारीक टायरला पकडते. स्पीडब्रेकरला पट्टे मारलेले नसतात, तुमच्या रस्त्यावरचे तुम्हाला पाठ हवेत. पार्क केलेल्या गाड्यांपासून हातभर नाही, चांगलं मीटरभर लांब राहा, दार कधीही उघडतं. राँग साइडने येणाऱ्याशी भांडू नका, थांबा, जाऊ द्या त्याला, तुमचं हाड जास्त महाग आहे.

आणि सकाळी सूर्य अगदी समोर, खाली असतो. तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्या मागच्या गाडीवाल्यालाही तुम्ही दिसत नसता, त्यात काचेवर दव आणि त्याने फक्त वीतभर पुसलेलं. तेवढा तुकडा मी सरळ उतरून चालत जाते.

दिवे कुठले घ्यावेत?

मागे लाल, पुढे पांढरा, चार्जिंगवाले. पुढचा रस्त्याकडे कलवून लावा, समोरच्याच्या डोळ्यात नको. त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी: पाय सतत वरखाली होतात, त्यामुळे लांबूनही गाडीवाल्याला कळतं की हा माणूस आहे, सायकलवर आहे. काळं जॅकेट घालून संध्याकाळी निघू नका, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ऑफिस तर त्यानंतरच सुटतं.

संक्रांतीला मांजाचं काय करता?

गळ्याला मफलर दोन वेढे, विंडचीटरची कॉलर वर आणि वेग कमी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी आणली तरी तो मिळतो आणि उडवला जातो, पुण्यात त्याने दुचाकीवरच्या माणसांचे जीव गेलेत, ही भीती खोटी नाहीये. पुलांवर आणि उड्डाणपुलांवर जास्त जपा, तिथे आडवा आलेला दोरा उजेडात दिसतच नाही. सण झाल्यावरही पंधरा-वीस दिवस झाडांना, तारांना तुकडे लटकलेले असतात. अंगाला काही लागल्यासारखं वाटलं तर हाताने ओढू नका, आधी थांबा. कोणाच्या घरी पोरं नायलॉनचा मांजा आणत असतील तर प्लीज, प्लीज तो काढून घ्या.

गावाबाहेर रविवारी लांब जातो, तिथे काही वेगळं?

ऊस. गळीत हंगाम थंडीतच असतो, सोलापूर रोडला यवत-पाटसकडे ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मागून चिकटून जाऊ नका, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या बाजूने वळणावर घुसू नका, आणि पडलेल्या उसाच्या कांड्यावर चाक गेलं तर ते गोल फिरतं, सायकल खालून निघून जाते. दिवे घाट, बोपदेव घाट उतरताना आधी अंगात काहीतरी घाला, चढताना आलेला घाम उतारावर बर्फासारखा लागतो आणि बोटं आखडतात, ब्रेक मग कसा दाबणार.

कुत्री मागे लागतात...

थंडीत गल्लोगल्ली पिल्लं असतात म्हणून कुत्री जास्त चिडतात. जोरात पळवू नका, पायडल थांबवून हळू व्हा, गरज पडली तर उतरा आणि सायकल मध्ये धरा, बहुतेक वेळा ती गप्प होतात. चावलं किंवा नुसतं दात लागून खरचटलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. मिरची, चुना, हळद काही नाही. इंजेक्शनं जेवढी सांगितलीत तेवढी पूर्ण करायची, मधेच सोडायची नाहीत.

सायकलला थंडीत वेगळं काय लागतं?

हवा. गार पडलं की टायरमधला दाब थोडा उतरतो, दर आठवड्याला बघा. साध्या हायब्रिड सायकलला ५० ते ७० पीएसआय (हवेचा दाब) चालतं, नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो, आणि ठणठणीत भरण्यापेक्षा किंचित कमी ठेवलं तर खडीवर पकड बरी मिळते. थंडीत धूळ खूप म्हणून चेनला तेलाची आंघोळ घालू नका, पुसा, थेंब थेंब सोडा, परत पुसा. ब्रेक शू घासले असतील तर आत्ताच बदला. आमचे पंक्चरवाले काका म्हणतात, पावसाळ्यात झिजलेला ब्रेक थंडीत कळतो.

थंडीत गुडघे दुखतात, सायकल बंद करू का?

आधी सीटची उंची बघा. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे मग चवडा ठेवल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर चालवा. एवढं करूनही सूज असेल, अडकल्यासारखं होत असेल तर दाखवा.

पडल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

लगेच उठू नका. मला दोन भल्या माणसांनी हाताला धरून खसकन उभं केलं, मन चांगलं होतं त्यांचं, पण धरला तोच मोडलेल्या बाजूचा हात. आधी श्वास, मग मान, हात, पाय हलतायत का बघा, मग कडेला. मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या असतील तर हलू नका आणि १०८ ला फोन करायला सांगा. डोक्याला लागलंय आणि उलटी, गुंगी, गोंधळल्यासारखं बोलणं, वाढती डोकेदुखी यातलं काहीही दिसलं, मग ते दुसऱ्या दिवशी का असेना, तर थेट हॉस्पिटल. मदत करणाऱ्यांनी पोलिसांच्या लफड्याला घाबरू नये, मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

गाडीने उडवून पळून गेला असेल तर तक्रार नोंदवाच. अशा अपघातात गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख भरपाईची सरकारी योजना २०२२ पासून आहे, पण कागद नसेल तर काहीच नाही.

नुसतं खरचटलंय, डॉक्टर कशाला?

रस्त्यावरचं खरचटणं म्हणजे त्यात माती-खडी आत जाते. स्वच्छ वाहत्या पाण्याने भरपूर धुवा, दुखलं तरी. खडे राहिले तर काढून घ्यावे लागतात, नाहीतर कातडी त्यांच्यावरच भरते आणि निळसर डाग कायमचा राहतो. टूथपेस्ट, हळद, राख नको. उघडं ठेवून खपली धरण्यापेक्षा न चिकटणारं ड्रेसिंग लावून ओलसर ठेवलं तर लवकर भरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत घेतलेलं नसेल तर मळलेल्या जखमेला घ्यावं लागतं.

आणि तळहातावर पडला असाल, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखत असेल तर "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून विसरू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढतात. आमच्या ऑफिसमधल्या एकाने ते "मुरगळलं" म्हणून महिनाभर चोळलं, मग ऑपरेशन लागलं.

कॉलरबोन मोडलं की ऑपरेशन करावंच लागतं का?

नाही, बऱ्याच जणांचं स्लिंगमध्येच, म्हणजे हात गळ्यात अडकवायच्या झोळीत, जुळतं. हाडाचं टोक कातडीला टोचत असेल, तुकडे फार सरकले असतील, हाताची नस दुखावली असेल तर ऑपरेशन सुचवतात. माझं झालं नाही. मोठ्या माणसाला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, सिगरेट ओढत असाल तर जास्त, ही अगदी चांगली वेळ आहे सोडायची.

पहिले दोन आठवडे वाईट जातात, खोटं नाही सांगत. आडवं झोपवत नाही, मी चार उशा लावून बसूनच झोपले. केस बांधता येईनात, मुलगी शाळेत जायच्या आधी माझी वेणी घालायची, इतकी वर्षं मी तिची घातली होती, त्या दिवसांत मला ते आठवून रडूच यायचं. पुढून बटणं असलेले कपडे काढून ठेवा. कोपर, मनगट, बोटं पहिल्या दिवसापासून हलवत राहा नाहीतर ती आखडतात. खांद्याचं मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच: मला साधारण तिसऱ्या आठवड्यात वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायला दिला, मग भिंतीवर बोटं चढवत न्यायची, मग रबरी पट्टा.

खाण्यात वेगळं काही नाही, डाळी, अंडी, दूध, नाचणीची भाकरी, तीळ, थंडीत हे सगळं घरात असतंच. ड जीवनसत्त्व मात्र तपासून घ्या, माझं बरंच कमी निघालं, रोज उन्हातून जाऊनसुद्धा.

परत सायकल कधी?

तारीख धरू नका. डॉक्टर एक्स-रे बघून हो म्हणाले की मग स्वतःला विचारा: मान वळवून खांद्यावरून मागे बघता येतंय? दोन्ही ब्रेक पूर्ण दाबता येतात? एक हात सोडून हात दाखवता येतो? भिंतीला हात टेकून ढकलताना दुखत नाही? यातलं एक जरी नाही आलं तरी थांबा. तोवर चाला, किंवा जिमची स्थिर सायकल हँडलवर भार न देता. घाईने परत पडलात तर नुकतं जुळलेलं हाड पुन्हा मोडतं, आणि दुसऱ्यांदा ते इतकं सरळ जुळेलच असं नाही.

मी अकराव्या आठवड्यानंतर, रविवारी, आठ वाजता ऊन पडल्यावर, फक्त गल्लीतल्या गल्लीत दोन किलोमीटर. मग आठवडाभर तेवढंच. मग डेक्कनपर्यंत. पूर्ण ऑफिस अजून महिन्याने.

भीती जात नाही हो. काय करू?

हा प्रश्न लोक सगळ्यात हळू आवाजात विचारतात, म्हणून याचं उत्तर मला नीट द्यायचंय. भीती वाटणं म्हणजे कमकुवतपणा नाही, अंगाला लागलं तसं ते मनालाही लागलेलं असतं आणि त्यालाही आठवडे लागतात. मला खडी दिसली की हात घट्ट व्हायचे, छातीत धडधड, आणि हँडल घट्ट धरलं की सायकल आणखीच डगमगते. फिजिओताईंनी सांगितलं, ती जागा टाळू नका, पण तिथे सायकलवरून जाण्याचीही घाई नको. मग मी त्या वळणावर रोज उतरून सायकल हातात धरून चालत जायचे. वीसेक दिवस. एक दिवस उतरावंसं वाटलंच नाही. घरच्यांनी "आता कशाला ती सायकल" असं रोज म्हणू नये, आणि "काही होत नाही गं, चल" असंही म्हणू नये. माझ्या सासूबाई फक्त म्हणायच्या, पोचलीस की मिस कॉल दे. त्याने मला खूप बरं वाटायचं. झोपेत पडल्याचंच दिसत असेल, महिनोन् महिने रस्त्यावर उतरवत नसेल तर मनाच्या डॉक्टरांशी बोला, लाजू नका.

थंडीत जुनं मोडलेलं हाड दुखतं का?

माझं दुखतं, सकाळी आखडतं. निघायच्या आधी पाच मिनिटं गरम पाण्याची पिशवी आणि खांदे गोल फिरवणं, मग डेक्कन येईपर्यंत सुटतं. रात्री ठणकत असेल किंवा सूज असेल तर ते थंडीचं नाही, दाखवा.

पडलेलं हेल्मेट वापरलं तर चालतं? सायकल?

हेल्मेट आपटलं असेल तर बदला, वरून तडा दिसत नसला तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं आणि ते एकदाच काम करतं. सायकलचं पुढचं चाक वर उचलून फिरवा, रिम ब्रेक शूला एका जागी घासत असेल तर आउट आलाय, म्हणजे चाक वाकलंय. हँडल चाकाच्या रेषेत आहे का, पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) वाकलाय का, ब्रेकच्या तारा सुटल्यात का हे दुकानात दाखवून घ्या. माझा चिमटा वाकला होता, मला तीन महिने माहीतच नव्हतं, सायकल पार्किंगमध्ये तशीच उभी होती, काकांनी दोन बोटं लावून दाखवलं तेव्हा कळलं.